वहीतले आकडे छान, मग पोर अशी का?

मी मुलांच्या मधुमेह ओपीडीत समुपदेशक आहे. या वेळच्या टपालातली तीन पत्रं टाइप वन मधुमेहाविषयीच, म्हणजे ज्यात रोज इन्सुलिन टोचून घ्यावंच लागतं त्या मधुमेहाविषयीच आहेत. औषधापेक्षा मनाची काळजी तिन्ही पत्रांत जास्त आहे, म्हणून तिन्हींची उत्तरं एकत्र देते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तशी पत्रं मला सतत येतात.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. नऊ वर्षांची असताना टाइप वन निघाला. पाच-सहा वर्षं सगळं सुरळीत होतं. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, आता स्वतःच घेते, वहीही लिहिते. वहीत शुगर 120, 130, 140 अशीच दिसते. पण गेल्या महिन्यात एचबीएवनसी 10.4 आली. आधी 7.6 होती. डॉक्टरांनी विचारलं तर गप्प. घरी विचारलं तर दार आपटून खोलीत. डबा निम्मा परत येतो. सैल कपडे घालते, पण बारीक झालेली दिसते. जिवलग मैत्रिणीच्या वाढदिवसालाही गेली नाही. सासूबाई म्हणतात लाडावली आहे. हे म्हणतात, अभ्यासातून अंग काढायची नाटकं. हा वयाचा भाग आहे की आणखी काही? मला रात्र रात्र झोप लागत नाही.
— एक आई, कराड

उत्तर : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात. वही आणि लॅबचा रिपोर्ट जुळत नाही. एचबीएवनसी 10.4 म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी 250च्या आसपास राहिली. वहीतल्यासारखी ती 130 असती, तर रिपोर्ट सहाच्या जरा वर आला असता. तेव्हा वही खरी नाही. वाचून पोटात गोळा येईल तुमच्या, पण लगेच लबाडीचा शिक्का मारू नका. खरा आकडा लिहिला की घरात पुढची दहा मिनिटं काय होतं, हे या मुलांना तोंडपाठ असतं. ती दहा मिनिटं टाळायला ती 130 लिहितात.

अशी वही हातात आली की मी आकड्यांच्या आधी अक्षर बघते. रोज लिहिलेल्या वहीचे कोपरे मुडपलेले असतात. मध्येच शाई बदललेली असते, एखाद्या पानावर आमटीचा डाग असतो, बोट नीट न पुसल्यामुळे रक्ताचा ठिपका असतो. आदल्या रात्री बसून भरलेली वही मात्र एका शाईची, एका वळणाची आणि शून्यावर संपणाऱ्या आकड्यांची असते. शुगर तपासायच्या मीटरमध्ये तारीख-वेळेसकट खऱ्या नोंदी राहतात. तो उघडला तर बरेचदा दिसतं की तपासणीच झालेली नाही, आठवडेच्या आठवडे रिकामे. मी वही मिटून बाजूला ठेवते आणि विचारते, "या सगळ्याचा वीट आलाय का गं?" पुष्कळ मुलींचं रडू तिथे फुटतं. आई-बाबा शेजारी असतील तर नाही फुटत. म्हणून मी त्यांना आधी चहाला पाठवते.

रोजच्या चार सुया, सहा वर्षं. हिशोब केलात तर आठ हजारांच्या वर सुया या पोरीच्या अंगात गेल्या आहेत. बोटं टोचली ती वेगळीच. त्यात एकही रविवार सुटलेला नाही, दिवाळी नाही, पाळीचे दिवस नाहीत. आणि वयात येताना शरीरच उलटं वागायला लागतं. वाढीची आणि पाळीशी संबंधित संप्रेरकं इन्सुलिनचा परिणाम कमी करतात, त्यामुळे दहाव्या वर्षी पुरणारा डोस पंधराव्या वर्षी पुरत नाही. मुलगी इमानेइतबारे सगळं करते आणि तरी मीटर 280 दाखवतो. वर घरातून प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" असं आठ-दहा वेळा झालं की मूल मीटरच उघडायचं सोडतं. 'वयाचा भाग' यात आहे, पण तो हा. नाटकाचा भाग मला तुमच्या पत्रात कुठे दिसला नाही.

आता ओळखायचं कसं. मधुमेहाचा वीट येणं आणि नैराश्य येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकत्रही असू शकतात. नुसता वीट आला असेल, तर मधुमेहाचा विषय निघाला की चेहरा उतरतो, पण इतर वेळी मूल मूलच असतं. मोबाइलवर हसतं, भावाशी भांडतं, रांगोळीत तासभर रमतं. नैराश्यात ते रमणंही जातं. दोन आठवड्यांच्या वर मूल कशातच नाही, झोप बिघडली, आवडीचं काही उरलं नाही, 'माझ्यामुळे घरावर खर्च' अशी वाक्यं यायला लागली, तर ते मधुमेहापुरतं राहिलेलं नाही. तुमच्या मुलीने वाढदिवस टाळला हे मी मनात टिपून ठेवलं आहे. तिने तो मैत्रिणी नकोशा झाल्या म्हणून टाळला, की केक समोर आल्यावर चौघींत सुई काढावी लागेल म्हणून? दोन्हींचा अर्थ वेगळा होतो. हे तिलाच विचारायला हवं.

एक गोष्ट डॉक्टरांकडून करून घ्या : थायरॉइडची तपासणी. टाइप वन असलेल्या मुलांत थायरॉइडचा त्रास इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो. मरगळ, चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणं त्यानेही येतं. शुगर फार वर किंवा फार खाली असली तरी स्वभाव बदलतो. पण कृपा करून तिच्या प्रत्येक रागावर "शुगर वाढली असेल तुझी" असं म्हणू नका. त्या पोरीला खऱ्या कारणासाठी रागावायचाही हक्क राहत नाही मग.

पत्रातल्या ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबले, ती सैल कपड्यांची आणि बारीक होण्याची. एचबीएवनसी वर चाललेली आणि वजन खाली, ही जोडी दिसली की मुलगी इन्सुलिन चुकवते आहे का, याचा विचार करावाच लागतो. कधी तो कंटाळा असतो. कधी वजनाची धास्ती असते. इन्सुलिन सुरू झाल्यावर गेलेलं वजन परत येतं, कोणीतरी नातलग "आता कशी बाळसेदार दिसतेस" म्हणून जातो, आणि डोस टाळला की वजन उतरतं हे मुलीच्या लक्षात येतं. हे फार धोक्याचं आहे.

घरबसल्या एक अंदाज तुम्ही घेऊ शकता. इन्सुलिनच्या पेनमधल्या तीन मिलीच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट असतात. समजा जेवणाआधीचं इन्सुलिन तीन वेळचं मिळून दिवसाला 24 युनिट आहे आणि दर वेळी सुई तपासायला दोन युनिट सोडावे लागतात, तर दिवसाला तीस झाले. कार्ट्रिज दहा दिवसांत संपायला हवं. ते तीन आठवडे पुरत असेल, तर निम्मे डोस जातच नाहीयेत. मेडिकलची बिलं काढा आणि हा हिशोब एकदा करून पाहा. एकदाच. बिलं तिच्या पुढ्यात टाकून उलटतपासणी घेऊ नका. आणि याबाबत डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखेची वाट पाहू नका. उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी, यातलं काही दिसलं तर दिवस-रात्र न बघता दवाखाना गाठा.

तिच्याशी बोलायचं ते साधं ठेवा. स्वयंपाकघरात, गाडीवर, कपड्यांच्या घड्या घालताना. समोरासमोर बसवून नको. "वही आणि रिपोर्ट जुळत नाहीत, मला दिसलंय. मी रागावणार नाहीये. यातलं सगळ्यात जड काय जातं तुला?" एवढं म्हणा आणि गप्प बसा. ती लगेच बोलणार नाही. दोन दिवसांनी भलत्याच वेळी बोलेल, तेव्हा हातातलं काम सोडा. आणि त्यानंतर खरा आकडा समोर आला, तो 340 असला तरी, पहिलं वाक्य "बरं झालं तपासलंस" हेच असू द्या. हे वाक्य घशाखाली उतरायला आयांना फार जड जातं, मी रोज बघते. पण त्याच्याशिवाय वही खरी होत नाही.

दुसरं म्हणजे, तिच्या डोक्यावरचं थोडं ओझं परत घ्या. आपल्याकडे मूल दहा-अकरा वर्षांचं झालं, स्वतः टोचून घ्यायला लागलं, की "आमची ही सगळं स्वतः करते" असं आपण कौतुकाने सांगतो आणि हळूहळू बाजूला होतो. सुई टोचता येणं वेगळं आणि रोज सगळं एकटीने आठवत राहणं वेगळं. तिला म्हणा, "दहावीचं वर्ष आहे, रात्रीचं इन्सुलिन माझ्याकडे. मी आणून देईन, तू घे, मी जवळ बसेन." शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास घरात कोणीही शुगर हा शब्द काढायचा नाही, हेही ठरवा. लो झाल्यासारखी, म्हणजे शुगर फार खाली गेल्यासारखी दिसली तर गोष्ट वेगळी.

तिच्या वडिलांना एकदा ओपीडीत सोबत आणा. वडील बहुधा बिलाच्या खिडकीपाशी उभे असतात आणि आत फक्त आई येते. त्यांना आत बसवा, डॉक्टरांकडून ऐकू द्या. 'नाटक' हा शब्द मुलीच्या कानावर पडला असेल, तर तो त्यांनीच तिच्यासमोर मागे घ्यायला हवा.

सासूबाईंविषयी तुम्ही एका ओळीत संपवलंत, पण मला विचारायचं आहे. पाहुणे आले की फ्रीजमधली इन्सुलिनची डबी भाजीच्या पिशवीमागे जाते का? 'पुढे लग्नाचं बघायचंय, बाहेर बोलू नका' असं घरात म्हणतात का? पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत म्हणतात. मोठ्यांच्या मनात काळजी असते, मान्य. पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढंच ऐकू येतं की तिच्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे. मग ती मैत्रिणींपासून लपवते, बाथरूममध्ये जाऊन टोचते, आणि बाथरूम सापडलं नाही की डोसच टाळते. इन्सुलिनची डबी फ्रीजमध्ये दुधाशेजारी, दिसेल अशी ठेवा. आणि हा आजार तुम्ही तिला लहानपणी गोड खाऊ घातलंत म्हणून झालेला नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्यामुळे तो होतो. कोणी पुन्हा तसं म्हणालं तर मुलीसमोर स्पष्ट सांगा. तुमच्यासाठीही सांगा.

समुपदेशक हवा म्हणून डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या सूचनांप्रमाणे तर सात-आठ वर्षांपासूनच मुलांच्या मनावरच्या ताणाची विचारपूस नेमाने व्हायला हवी आणि दहा ते बारा वर्षांपासून खाण्या-वजनाविषयीचीही. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

"जगून काय करू" असं ती कधी म्हणाली, तर विषय बदलू नका. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मूल मोकळं होतं. मग तिला एकटं सोडू नका, घरातलं सगळं इन्सुलिन स्वतःच्या ताब्यात घ्या, प्रत्येक डोस तुमच्या हातून द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कारण न समजणारी फार कमी शुगर आली तर तेव्हाही हाच प्रश्न शांतपणे विचारायचा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे. हा नंबर तिच्याही मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. नीटच्या तयारीसाठी लातूरला हॉस्टेलवर राहतो. मला टाइप वन आहे हे इथे कोणालाच माहीत नाही. एकदा रात्री लो झाली होती, घामाने भिजून जागा झालो, हात थरथरत होते. तेव्हापासून मी झोपताना शुगर 250च्या वरच ठेवतो. टेस्टच्या दिवशी पण. घरी सांगितलं तर परत बोलावतील. आईचा रोज फोन येतो, पहिला प्रश्न शुगर किती. मी 140 सांगतो.
— नाव नको

उत्तर : तुझी भीती खरी आहे. अंधाऱ्या खोलीत एकट्याला लो होणं काय असतं, ते मी मुलांकडून ऐकलं आहे. ज्याने ते अनुभवलंय तो शुगर वर ठेवणारच. भित्रा म्हणून तू असं करत नाहीयेस. पण 250वर झोपलास की रात्री लघवीला दोनदा उठावं लागतं, सकाळी डोकं जड होतं, आणि ज्या टेस्टसाठी हे सगळं केलं तिथेच वाचलेलं आठवत नाही. वर्षभर असं चाललं तर शरीराचंही नुकसान आहे.

तुला आधी एक माणूस लागेल. सगळ्या हॉस्टेलला सांगू नकोस, खोलीतल्या एकाला सांग. ज्याच्याशी तू मेसमध्ये जेवायला जातोस, त्याला. असं म्हण : "मला मधुमेह आहे, लहानपणापासूनचा. कधी घाम आला, थरथरलो, बडबडलो, तर टेबलाच्या वरच्या खणात ग्लुकोज आहे, ते पाण्यातून दे. ग्लुकोज नसेल तर तीन चमचे साखर. बेशुद्ध असलो तर तोंडात काही घालू नकोस, कुशीवर वळव आणि 108ला फोन कर." दोन मिनिटांचं बोलणं आहे. वॉर्डनलाही हे माहीत हवं, ते तू घरच्यांच्या मदतीने कर.

शुगर 70च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, हे तुला येत असेलच. पण रात्रीचा लो का झाला, ते डॉक्टरांसोबत शोधायला हवं. मेसचं जेवण कमी गेलं होतं का? संध्याकाळी क्रिकेट खेळला होतास? रात्रीचा डोस गावाकडच्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला आहे का? बरेचदा दोन-चार युनिटांच्या फरकाने हा प्रश्न मिटतो, पण तो फरक डॉक्टरांना ठरवू दे. स्वतःच्या मनाने डोस टाळू नकोस. अंगावर लावून सतत शुगर दाखवणारा सेन्सर परवडत असेल तर निदान काही आठवडे लावून बघता येईल का, तेही विचार. रात्री खाली चालली की अलार्म देणारे सेन्सर मिळतात.

आईला 140 सांगतोस त्याविषयी. तिला मेसेज कर, बोलायला जड जात असेल तर : "आई, फोनवर आधी शुगर विचारू नकोस. मी रोज रात्री खरे आकडे मेसेजने पाठवीन, जसे असतील तसे. तू त्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत काही बोलायचं नाही." ती आधी घाबरेल. पण खरं कळल्यावर परत बोलावून घेण्यापेक्षा बहुतेक आया चार दिवस येऊन राहतात, डोस बसवतात आणि जातात.

दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंदासारखी फळं, पाणी जवळ ठेवायची परवानगी सीबीएसईने 2017 मध्येच दिली आहे. तुझ्या परीक्षेच्या माहितीपत्रकात याविषयी काय लिहिलं आहे ते फॉर्म भरतानाच बघ आणि डॉक्टरांचं पत्र तयार ठेव. ग्लुकोज खिशात आहे हे माहीत असलं की टेस्टला 250 ठेवावी लागत नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातल्या एका मुलीला टाइप वन आहे. पालकांनी 'कोणाला सांगू नका' असं बजावलं आहे. हल्ली ती सारखी पाणी पिते, लघवीला जाते, मधल्या सुट्टीत एकटी बसते आणि सहलीला नाव देत नाही. मी पालकांना डावलून काही करावं का?
— शिक्षिका, चिपळूण

उत्तर : डावलू नका, पण गप्पही बसू नका. सारखी तहान आणि लघवी म्हणजे शुगर वर आहे. हे पालकांना आजच फोन करून सांगा. शाळेत मधल्या सुट्टीचा डोस ठरलेला असेल, तर ती तो कुठे घेते ते बघा. बहुतेक मुली मुतारीत घेतात किंवा घेतच नाहीत. तिला स्टाफरूमचा एक कोपरा आणि दार लावायची मुभा द्या, आणि हे तिला एकटीला सांगा, वर्गात नको. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना लिहिलं आहे की, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर टाइप वन असलेल्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधे खाऊ द्यावं. मुख्याध्यापकांशी बोलताना याचा उल्लेख करा.

सहलीविषयी तिच्या आईला घरी जाऊन भेटा. पालक नको म्हणतात ते बहुतेक वेळा 'तिथे कोण बघणार' म्हणून. "मी बघेन" असं एका शिक्षिकेने म्हटलं की चित्र बदलतं. लो झाली तर काय करायचं ते आईकडून त्याच भेटीत शिकून घ्या, मीटर हाताळून बघा. आणि सहलीच्या दिवशी तिची इन्सुलिनची पिशवी एसटीच्या डिकीत जाणार नाही एवढं पाहा. तिथल्या उष्णतेने इन्सुलिन खराब होतं. पिशवी तिच्या खांद्यावर किंवा तुमच्या मांडीवर.